दिवाळीला येत नाहीये, त्याबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू "बरं बरं" म्हणून विषय बदलला असतास आणि मग दोन दिवस धड जेवली नसतीस. म्हणून लिहितेय. दिवाळीला मी येत नाहीये. रजा मिळाली आहे, पण ती वेल्समधल्या हार्डन गावी, ग्लॅडस्टन्स लायब्ररीत राहून लिहिण्यात घालवणार. पैसेही भरून झालेत. संक्रांतीला मात्र घरी.

"आपली माडीवरची खोली काय वाईट आहे?" असं म्हणशील. काहीच वाईट नाही. पण तू चहा घेऊन वर आलीस की मलाच लिहावंसं वाटत नाही, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडावंसं वाटतं. तिथे कोयनेच्या भूकंपाबद्दल काही सापडेल म्हणून चाललेले नाही. संग्रह मुख्यतः धर्म, इतिहास, राजकारणाचा. मला हवी आहे ती फक्त शांतता. वाचनालयात कुणी बोलत नाही आणि झोपायची खोली त्याच इमारतीत, त्यामुळे थंडीत कुठे बाहेर पडायला नको. मँचेस्टरहून चेस्टरपर्यंत रेल्वे, पुढे दहा-अकरा किलोमीटर. खोलीत टीव्ही नाही, रेडिओ आहे. शाकाहारी जेवण मिळतं. मेतकूट नेतेय. लसणाची चटणी नाही, त्या शांततेत तिचा वास फार मोठ्याने बोलेल.

बाबा, ही गोष्ट तुमच्यासाठी. ग्लॅडस्टन चारदा ब्रिटनचा पंतप्रधान झालेला माणूस. ऐंशी ओलांडल्यावर त्याने घरची हजारो पुस्तकं गावात हलवली, त्यातली कितीतरी स्वतः एकचाकी गाडीवर घालून ढकलत. मदतीला मुलगी मेरी आणि एक नोकर. आत्ताची दगडी इमारत त्याच्या मागे, १९०२ मध्ये उघडली. राहायच्या खोल्या १९०६ च्या.

हे वाचून लगेच माळ्यावर चढू नका! ती शिडी शेजारी देऊन टाका. त्याच्या हाताशी मेरी होती, तुमची मेरी परदेशात आहे. खोकी मी आल्यावर काढू, लहानपणी काढायचो तशीच, तुम्ही वरून देणार नि मी झेलणार. नाही, उलट. वर मी चढेन.

बीपीची गोळी सकाळचीच घ्यायची, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आई, गुडघा दुखत असताना चकलीला पाटावर बसायचं नाही, टेबलावर सोऱ्या लाव. फराळ थोडाच कर. कुणाबरोबर डबा पाठवू नकोस. पाठवलासच तर कडबोळी घाल. तुमची रात्रीची जेवणं झाली की मी बाहेर बागेत येऊन रोज फोन करीन.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, ११ डिसेंबर १९६७ च्या त्या भूकंपाच्या पहाटे गाईचं दावं कुणी सोडलं, तुम्ही की काकांनी? दोघं वेगवेगळं सांगता आणि माझ्या लिखाणातलं प्रकरण तिथेच अडलंय. फोनवर नको, कागदावर लिहा आणि आईला फोटो काढून पाठवायला सांगा. काकांना विचारून लिहू नका.