रक्त आणायचं काम नातेवाइकांचं नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात दर दोन-चार दिवसांनी रक्तदान शिबिराची बातमी असते, अमुक मंडळ, अमुक तालीम, इतक्या बाटल्या रक्त जमा, खाली कार्यकर्त्यांचा फोटो. बघून बरं वाटतं. द्यायच्या बाबतीत कोल्हापूरकर मागं हटत नाही, मी स्वतः तालमीचा कार्यकर्ता आहे आणि बरीच वर्षं शिबिरं लावतोय म्हणून हे अभिमानानं सांगतो. पण त्याच आठवड्यात आमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पण येत असतात, अर्जंट बी पॉझिटिव्ह पाहिजे, दोन डोनर पाहिजेत, पेशंट ॲडमिट आहे, प्लीज पुढं पाठवा. म्हणजे रक्त जमतंय पण आणि पेशंटचा माणूस रक्तासाठी पळतोय पण. एकाच गावात हे दोन्ही एकाच वेळी का चालू आहे ह्यावर कोणीतरी बोलायला पाहिजे म्हणून हे पत्र, जरा लांब झालंय, तेवढं सांभाळून घ्या.

आधी थोडं मागचं, कारण शिबिराला येणाऱ्या आताच्या पोरांना हे माहीत नसतं. १९९८ पर्यंत आपल्या देशात रक्त विकता येत होतं, पैशाला नडलेला माणूस रक्तपेढीत जायचा, रक्त द्यायचा, पैसे घ्यायचा आणि तेच रक्त तुमच्या-आमच्या घरच्यांना चढायचं. १९९० मध्ये केंद्र सरकारनंच ए. एफ. फर्ग्युसन कंपनीकडून रक्तपेढ्यांची पाहणी करून घेतली तर देशातल्या हजारभर पेढ्यांपैकी सहाशेच्या वर बिनपरवान्याच्या निघाल्या. एड्सची भीती पसरलेली असताना ही परिस्थिती होती. मग एच. डी. शौरी यांच्या कॉमन कॉज संस्थेनं सुप्रीम कोर्टात याचिका टाकली आणि ४ जानेवारी १९९६ ला निकाल लागला. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद स्थापन करा, प्रत्येक राज्यात तशी परिषद करा, आणि दोन वर्षांत पैसे घेऊन रक्त देणं बंद करा असा तो आदेश होता. १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. पुढं २००२ मध्ये राष्ट्रीय रक्त धोरण आलं आणि २००३ मध्ये त्याचा कृती आराखडा. हे मोठं काम झालं, एका संस्थेनं चिकाटी धरली म्हणून झालं, आणि ज्यांनी केलं त्यांचे आपल्यावर उपकार आहेत असं मी मानतो.

आता माझा मुद्दा. त्याच २००२ च्या धोरणात लिहिलंय की बदली रक्तदात्याची पद्धत ठरावीक मुदतीत हळूहळू बंद करायची आणि शंभर टक्के रक्त स्वेच्छेनं देणाऱ्यांकडूनच घ्यायचं. बदली रक्त म्हणजे काय ते दवाखान्यात गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, तुमच्या पेशंटला एक पिशवी लागली तर तुम्ही एक डोनर आणून द्या, मगच पिशवी मिळेल. धोरण येऊन वीस वर्षांच्या वर झाली तरी हे सर्रास चालू आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका बाईंच्या ऑपरेशनला एका दवाखान्यानं सरळ सांगितलं की डोनर आले नाहीत तर ऑपरेशन पुढं जाईल. आम्ही तालमीची पोरं होतो म्हणून तासाभरात गेलो. पण राधानगरीच्या वरच्या वाडीतून बायकोला बाळंतपणाला घेऊन आलेला माणूस काय करणार, त्याला ह्या गावात कोण ओळखतं? एसटीनं आलेला असतो, सोबत म्हातारी आई, खिशात मोजके पैसे, आणि त्याला सांगायचं की डोनर घेऊन ये. तो गेटवर दिसेल त्याला विचारत फिरतो. अशा वेळी कोणी पैसे घेऊन त्याचा चुलतभाऊ म्हणून उभा राहिला तर पेढीवाल्यांना कळणार कसं? म्हणजे सुप्रीम कोर्टानं जे पुढच्या दारानं घालवलं ते मागच्या दारानं यायची सोय आपणच करून ठेवली.

आणि हा नुसता त्रासाचा विषय नाही, जिवाचा आहे. जो माणूस दबावाखाली रक्त देतो तो खरं सांगत नाही, कावीळ होऊन गेली का, बाहेर काही संबंध आला का, ह्या प्रश्नांना तो पटापट नाही नाही म्हणतो कारण आत त्याची बहीण टेबलावर असते. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया एवढी तपासणी सक्तीची आहे, ती होते, पण लागण नवीन असेल तर काही दिवस टेस्टमध्ये येतच नाही, त्याला विंडो पिरियड म्हणतात. नॅट नावाची महागडी टेस्ट हा काळ बराच कमी करते पण ती सगळीकडं होत नाही. म्हणून जगभर मानतात की वर्षानुवर्षं नियमित, कुणाच्या दबावाशिवाय देणाऱ्याचं रक्त सगळ्यात सुरक्षित. २०११ मध्ये गुजरातच्या जुनागढमध्ये थॅलेसेमियाच्या, म्हणजे जन्मतःच रक्ताचा आजार असलेल्या मुलांना चढवलेल्या रक्तातून एचआयव्ही झाल्याचं उघड झालं आणि २०२५ मध्ये झारखंडच्या चाईबासामध्ये पुन्हा तेच. त्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. त्यांना ते मोफत द्यायचं, बदली डोनर मागायचा नाही असा राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचा स्पष्ट आदेश आहे, तरी त्यांच्या आईवडिलांना विचारा महिन्याला किती जणांचे पाय धरावे लागतात.

मग कोणी म्हणेल की रक्तच कमी पडतं तर पेढीवाले तरी काय करतील. इथंच आपल्या शिबिरांची गोष्ट येते. आपली शिबिरं कधी असतात? शिवजयंतीला, शाहू जयंतीला, गणपतीत, नेत्यांच्या वाढदिवसाला, एक ऑक्टोबरच्या रक्तदान दिनाला. एकाच दिवशी शहरात चार-पाच मंडपात खाटा टाकलेल्या. रक्त काही वर्षभर टिकणारी वस्तू नाही, साधं रक्त ३५ दिवस, लाल पेशी वेगळ्या काढून खास द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस, आणि प्लेटलेट तर फक्त ५ दिवस. प्लाझ्मा गोठवून वर्षभर राहतो ते सोडा. पुरुषानं एकदा दिलं की पुढं ९० दिवस देता येत नाही आणि बाईनं दिलं तर १२० दिवस. म्हणजे सगळ्यांनी एकाच आठवड्यात दिलं की पुढचे तीन महिने तीच माणसं बाद, पिशव्या महिन्या-सव्वा महिन्यात मुदत संपायला येतात आणि त्यानंतर फ्रीज रिकामा. एप्रिल-मे मध्ये कॉलेजं बंद, पोरं गावाला, ऊन, शिबिर नाही. पावसाळ्यात पंचगंगेला पाणी आलं की शिबिर सोडाच, रस्तेच बंद. २०१९ ला आणि २०२१ ला हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली होता, बाहेरून काही यायचं नाही आणि आतून काही जायचं नाही. त्यानंतर लगेच डेंग्यूचा सीझन, म्हणजे प्लेटलेटची मागणी नेमकी तेव्हा.

जाता जाता एक सांगतो, शिबिरात बायका मोठ्या हौसेनं येतात आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली आलं म्हणून परत जातात, अशा खूप असतात. नियम बरोबर आहे, त्यांच्याच भल्याचा आहे. पण त्यांना नुसतं तुमचं होत नाही म्हणून पाठवण्यापेक्षा तिथंच गोळ्या आणि खाण्याचं मार्गदर्शन दिलं तर चार महिन्यांनी त्याच बाई पुन्हा येतील. आम्ही आता शिबिराला एक डॉक्टर ताई त्यासाठीच बसवतो.

तालुक्यांचं तर विचारूच नका. जिल्ह्यात बारा तालुके, मोठ्या पेढ्या बहुतेक शहरात. चंदगडहून कोल्हापूर शंभरेक किलोमीटर, तिथल्या पेशंटला बेळगाव जवळ पडतं. गगनबावड्याचा, शाहूवाडीचा पावसाळ्यातला रस्ता सगळ्यांना माहीत आहे. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला तर हातात तास-दोन तासच असतात. ह्यासाठीच २००१ मध्ये केंद्रानं सवलत दिली की ग्रामीण रुग्णालयात पूर्ण रक्तपेढी नको, नुसतं साठवण केंद्र चालेल, मोठ्या पेढीतून तपासलेलं रक्त आणून फ्रीजमध्ये ठेवायचं. फ्रीज, एक टेक्निशियन, चोवीस तास वीज आणि दर आठवड्याला गाडी, एवढंच. माझं म्हणणं आहे की जिल्ह्यात अशी केंद्रं किती आहेत, त्यातली आज चालू किती आणि त्यांच्या फ्रीजमध्ये आज पिशव्या किती, हे आरोग्य खात्यानं जाहीर करावं. आपल्या राज्यानं २०१४ मध्ये ब्लड ऑन कॉल आणलं होतं, १०४ नंबरला फोन केला की मोटारसायकलवरून बर्फाच्या पेटीत रक्त यायचं, कल्पना फार चांगली होती, पण तीही बंद झाली आणि तिच्या जागी काही आलं नाही.

पैशाबद्दल पण लोकांचा राग असतो, आम्ही फुकट देतो मग पेढीवाले पैसे कसले घेतात. पिशवी, तपासण्या, साठवण, कर्मचारी ह्यांचा खर्च असतो आणि तेवढाच घ्यायला परवानगी आहे, २०२२ च्या दरानं सरकारी पेढीत ११०० आणि खासगीत १५५० एका पिशवीला, नॅटसारख्या जादा तपासणीचे वेगळे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी पुन्हा कळवलं की रक्त विकायची वस्तू नाही, प्रक्रियेच्या खर्चापलीकडं काही घ्यायचं नाही. हे दर प्रत्येक दवाखान्याच्या दारात मोठ्या अक्षरात मराठीत लावले तर निम्मी भांडणं मिटतील. आणि मंडळांनी पण मिक्सर, हेल्मेट, बॅगा वाटून माणसं गोळा करणं थांबवावं, धोरणात त्याला जागा नाही आणि वस्तूसाठी आलेला माणूस आजार लपवतो.

अडचण अशी आहे की धोरण हे धोरण आहे, कायदा नव्हे. परवाना, फ्रीज, तपासण्या हे सगळं औषध कायद्याच्या नियमात येतं, ते मोडलं तर परवाना जातो. पण नातेवाइकाला डोनर आणायला लावलं म्हणून कुणावर कारवाई झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणून आमच्या खासदारांनी संसदेत विचारावं की बदली रक्त बंद करायची ती मुदत कुठली, तारीख सांगा. रक्त मिळवायची जबाबदारी दवाखान्याची आणि पेढीची आहे हे कायद्यात लिहा, पेशंटच्या माणसाची नाही.

दिल्लीत होईल तेव्हा होईल, कोल्हापुरात तोवर एक गोष्ट लगेच करता येते. जिल्हाधिकारी साहेबांनी सीपीआर म्हणजे आपलं सरकारी रुग्णालय, सगळ्या रक्तपेढ्या, तालमी, मंडळं, कॉलेजं, साखर कारखाने यांना एकदा एकत्र बसवून वर्षाचं कॅलेंडर करावं, एका आठवड्यात इतकीच शिबिरं, मे आणि जुलै-ऑगस्ट सक्तीनं भरलेला. जयंतीचा उत्साह तसाच राहू दे, त्या दिवशी नुसती नावनोंदणी करा आणि रक्त वाटून दिलेल्या तारखेला घ्या.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडं एक मागणं आहे. पावसाळ्यात तुम्ही रोज पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी छापता, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, गावातलं शेंबडं पोर पण ते पाठ म्हणतं. तशीच एक चौकट आठवड्यातून एकदा रक्ताची छापा, कुठल्या ग्रुपच्या किती पिशव्या शिल्लक आहेत. केंद्राच्या ई-रक्तकोश वेबसाइटवर साठ्याची माहिती असते, पेढ्या पण देतील, नाही दिली तर दिली नाही असं छापा. आमची तालीम मे मधला एक आणि जुलैमधला एक रविवार आजच घ्यायला तयार आहे, कॅलेंडर कोण करणार तेवढं कळू दे.

आपला वाचक,
तालमीचा एक कार्यकर्ता,
मंगळवार पेठ, कोल्हापूर