सर्व्हर बूट होत नाही म्हणून लगेच फॉरमॅट नको

संपादक साहेब,

महापे-ऐरोलीकडे छोट्या ऑफिसांत लिनक्स सर्व्हर असतात, डिस्क जोडणारं कंट्रोलर कार्ड बदललं किंवा डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टला लावली की मशीन बूटच होत नाही, मग लोक घाबरून सगळं फॉरमॅट करायला निघतात, प्लीज असं करू नका! डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो, फक्त डिस्कचं नाव बदलतं, कालची एसडीए (sda) आज एसडीबी (sdb) झालेली असते, कारण कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्क सापडतील तशी नावं देतो. रेस्क्यू पेनड्राइव्हने बूट करा, बीएलकेआयडी (blkid) कमांडने यूयूआयडी (UUID, नाव बदललं तरी तोच राहणारा ओळखक्रमांक) बघा, एफएसटॅबमध्ये (fstab, कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) एसडीएसारख्या नावाऐवजी तोच टाका. कार्ड नवीन असेल तर इनिटरामएफएस (initramfs, बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) परत बनवा, त्यात कार्डचा ड्रायव्हर नसेल तर रूट डिस्क (जिच्यावर सिस्टिम आहे ती) दिसणारच नाही, हे बरेच जण विसरतात. बॅकअपच्या डिस्कला एफएसटॅबमध्येच नोफेल (nofail) ऑप्शन द्या, ती नसली तरी मशीन चालू होतं.

– एक सिस्टिम अ‍ॅडमिन, ऐरोली, नवी मुंबई