एकटीने खेळायच्या गेमला ऑनलाइनची सक्ती : तक्रार अर्ज

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
भारत विभाग

विषय : मालिकेचा चौथा भाग फक्त ऑनलाइन काढण्याबाबत, आणि आगाऊ भरलेले पैसे परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,
स.न.वि.वि.

एकट्याने खेळायच्या आपल्या गेम मालिकेचा चौथा भाग येतोय असं जाहीर झालं, त्याच आठवड्यात मी डिलक्स आवृत्तीचे पूर्ण पैसे भरून टाकले. तेव्हा विक्रीच्या पानावर मालिकेचं नाव होतं, नायिकेचं चित्र होतं आणि तिचा प्रवास पुढे सुरू होतोय एवढंच लिहिलेलं होतं. गेम चालायला सतत इंटरनेट लागेल, चौघांची टोळी जमवावी लागेल, सेव्ह फाइल तुमच्या सर्व्हरवर राहील, यातलं एक अक्षरही तिथे नव्हतं. हे सगळं कळलं नंतरच्या ट्रेलरमध्ये, तेही अगदी शेवटी, बारीक अक्षरांत. मी पैसे परत मागितले. उत्तर आलं की आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो, आणि त्याच मेलच्या खाली सीझन पासची, म्हणजे गेममधल्या पुढच्या भरीचे पैसे आधीच भरायच्या योजनेची, जाहिरात. मी अभिप्राय दिला नव्हता, तक्रार केली होती. म्हणून आता रीतसर लिहिते आहे.

मला मल्टिप्लेअरचं वावडं नाही. माझा भाचा रोज रात्री मित्रांबरोबर बीजीएमआय खेळतो, आरडाओरडा करत. तो खेळ त्यासाठीच बनवलाय, आणि त्याला मजा येते. तुम्ही उद्या नव्या नावाने असा गेम काढलात तर मी तो घेणार नाही, पण पत्रही लिहिणार नाही. माझी तक्रार आहे ती जुन्या नावाच्या पुण्याईवर दुसराच माल खपवण्याची. कराडला माझं औषधांचं दुकान आहे. उद्या मी त्याच कंपनीच्या त्याच रंगाच्या पाकिटात वेगळी गोळी घालून दिली आणि वर 'यातही गुण आहेच की' म्हणाले, तर औषध निरीक्षक कारवाई करेल आणि माझं लायसन जाईल.

तुमच्या नव्या भागात गुण नसेलच असं नाही. पण आम्ही तीन भाग कशासाठी घेतले ते तुमच्या नव्या माणसांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

दुसऱ्या भागातला घाटावरचा नावाडी घ्या. पहिल्या खेपेला तो पैसे मागत नाही. फक्त विचारतो, परत याल ना? आपण हो म्हणतो, कारण पटकन पलीकडे जायचं असतं. परत गेलो नाही तर शेवटच्या अंकात त्याची नाव घाटावर उलटी पडलेली दिसते, आणि गेम त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. नाव दिसली की आपल्यालाच आठवतं आणि चरचरतं. तुम्ही चौथ्या भागाचा जो खेळ दाखवलात त्यात तोच घाट आहे. तिथे पंधरा-वीस जण उभे आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर टोपणनाव तरंगतंय, एक जण नावाड्याच्या खांद्यावर उड्या मारतोय, आणि नावाडी बिचारा ओळीने सगळ्यांना विचारतोय, परत याल ना? मला हसूच आलं. तुम्हाला ते अपेक्षित नसावं.

हा चित्र काढणाऱ्यांचा किंवा संवाद लिहिणाऱ्यांचा दोष नाही, रचनेचाच आहे. जग सगळ्यांचं झालं की एकाच्या निर्णयाने ते बदलता येत नाही. मी पूल जाळला तर मागून येणाऱ्याचं काम अडतं, म्हणून पूल थोड्या वेळाने आपोआप उभा राहणार. मी मारलेला सरदार दुसऱ्यालाही मारायचाय, म्हणून तोही उठून बसणार. तुमच्या मालिकेचं सगळं सामर्थ्य 'केलं ते निस्तरा' यात होतं. तेच काढून टाकलंत तर उरतात ते कपडे आणि तलवारी, आणि ते विकायला दुकान आहेच.

'फॉलआउट'चं उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. १९९७ पासून एकट्याने भटकायची म्हणून नावाजलेली मालिका. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'फॉलआउट ७६' ऑनलाइन आला, तोही गोष्ट सांगणारी जिवंत माणसंच न ठेवता. वेस्ट व्हर्जिनियाभर फिरायचं आणि मेलेल्यांच्या टेप ऐकायच्या. भेटणारी माणसं म्हणजे इतर खेळाडू, अशी कल्पना होती. लोकांनी ती झिडकारली, आणि एप्रिल २०२० मध्ये 'वेस्टलँडर्स' नावाचा मोठा बदल करून बोलणारी माणसं परत आणावी लागली. त्याआधी, २०१९ च्या ऑक्टोबरात, स्वतःच्या खाजगी जगात खेळायची सोय आली, पण वर्गणी भरून, वर्षाला शंभर डॉलरच्या घरात. म्हणजे आधीच्या भागांत जे किमतीतच मिळत होतं, ते एकटेपण वेगळं विकायला काढलं. तुमच्या चौथ्या भागाच्या माहितीत 'प्रीमियम सदस्यांसाठी खाजगी सत्र' अशी ओळ वाचली तेव्हा मला हेच आठवलं. तो गेम पुढे सुधारला हे मान्य, आज त्याला चाहतेही आहेत. पण सुधारायला लागलेली वर्षं पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्यांची होती.

आता पॉजबद्दल. तुमच्या कार्यालयात ही गोष्ट कुणाला किरकोळ वाटत असेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी दुकान बंद करून, जेवणखाण आवरून रात्री खेळायला बसते. सासूबाई शेजारच्या खोलीत असतात, त्यांना रात्रीतून एकदा तरी हाक मारायची असते. कधी शटरवर कुणी येऊन थाप मारतं, पोराला ताप आहे, एवढं सिरप द्या ताई. मी बटण दाबते, उठते, काम करून येते. परत आले की नायिका तशीच तलवार उगारून उभी असते. पहिल्या तीन भागांनी मला कधी घाई केली नाही. ऑनलाइन गेममध्ये ही सोय देताच येत नाही, कारण माझ्यासाठी बाकीच्यांचं जग थांबवणार कसं? मी उठले की माझी नायिका मरणार, आणि टोळीतले तिघं मला शिव्या घालणार. परक्या पोरांच्या शिव्या खायला मी पैसे भरलेले नाहीत.

इंटरनेटचं तर विचारूच नका. तुमच्या माहितीनुसार आमच्यासाठी सर्व्हर सिंगापूरला आहे. मुंबईलाही मोठी डेटा सेंटर आहेत, पण ते सोडून देते. कराडात आमच्याकडे केबलवाल्याचं ब्रॉडबँड आहे. पावसाळ्यात रस्ता खणला की फायबर तुटते, लाइट गेली की राउटर बंद. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळायचं तर डेटा संपतो. शिवाय इथले बरेच केबलवाले एकच आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, अनेक घरांना वाटतात, त्यामुळे दुसऱ्या खेळाडूंशी थेट जोडणी करायला गेलं की गेम 'नॅट स्ट्रिक्ट' म्हणून रुसून बसतो. आणि हे सगळं कशासाठी, तर मी एकटीच जंगलातून चालत असताना! ज्या कामाला दुसरं माणूस लागत नाही त्यालाही तुमच्या सर्व्हरची परवानगी लागणार, यातलं तंत्र मला कळतं, कारण मात्र कळत नाही.

'तांत्रिकदृष्ट्या ऑफलाइन शक्य नाही' असं तुम्ही म्हणाल. मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' आला तेव्हाही असंच सांगितलं गेलं होतं. शहरं वसवायचा, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी एकट्याने खेळलेला गेम, आणि त्याला सक्तीचं ऑनलाइन. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोसळले, लोक पैसे भरून रांगेत. अॅमेझॉनने डाउनलोडची विक्री काही काळ थांबवली होती. कंपनी म्हणत होती की हिशेब सर्व्हरवर होतात, ऑफलाइन करायचं तर फार मोठं काम पडेल. थोड्याच दिवसांत हौशी लोकांनी तो जोडणीशिवाय चालवून दाखवला, आणि बरोबर वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीनेच ऑफलाइनची सोय दिली. 'रेडफॉल' मे २०२३ मध्ये आला. तो बनवणाऱ्या आर्केन ऑस्टिनची ओळख एकट्याने खेळायच्या गेमसाठी. वर्षभराने तो स्टुडिओच बंद झाला, आणि जाता जाता शेवटच्या अपडेटमध्ये त्यांनी ऑफलाइन मोड देऊन टाकला. 'सुइसाइड स्क्वॉड'ही तसाच, फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑनलाइन आला आणि डिसेंबरात ऑफलाइन झाला. दर वेळी शक्य होतं, फक्त गिऱ्हाईक निघून गेल्यावर सुचलं.

त्या शेवटच्या उदाहरणावर जरा थांबा, कारण तुमच्या हिशेबनीसांनाही ते कळेल. तो बनवणारा रॉकस्टेडी म्हणजे 'बॅटमॅन : अर्कम' मालिका बनवणारा स्टुडिओ. त्यांना लाइव्ह सर्व्हिसच्या, म्हणजे सतत काहीतरी नवं विकत राहणाऱ्या ऑनलाइन गेमच्या, मागे लावलं, आणि मालक वॉर्नर ब्रदर्सला त्या एका गेमपायी सुमारे २० कोटी डॉलरचा फटका खात्यात दाखवावा लागला. त्याच वॉर्नरचा 'हॉगवर्ट्स लेगसी' आदल्याच वर्षी आला होता. निव्वळ एकट्याने खेळायचा. २०२३ संपेपर्यंत त्याच्या सव्वादोन कोटींच्या आसपास प्रती खपल्या होत्या. एकाच घरातले दोन धंदे, शेजारी शेजारी. एकट्याने खेळणारं गिऱ्हाईक संपलंय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

उलट, आपल्याला काय जमतं ते ओळखून मागे फिरणारेही आहेत. 'द लास्ट ऑफ अस'च्या ऑनलाइन गेमवर नॉटी डॉग या स्टुडिओने काही वर्षं काम केलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो रद्द करून तसं जाहीर सांगितलं. तो गेम चालवत ठेवायचा तर सगळा स्टुडिओ पुढची कित्येक वर्षं त्यातच अडकेल आणि एकट्याने खेळायच्या गेमना हात आखडता घ्यावा लागेल, असा त्यांचा हिशेब होता. आणि दोन्ही नीट सांभाळायचं असेल तर 'बाल्डर्स गेट ३' पाहा. एकट्याने खेळा, चौघांनी खेळा, कुणाची सक्ती नाही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तुमचा सर्व्हर बंद होईल त्या दिवसाची. दुसऱ्या भागाची डिस्क माझ्याकडे अजून आहे. कव्हर फुटलंय, डिस्कवर ओरखडे आहेत, तरी चालते. भाच्याला परीक्षेनंतर तीच दिली होती, आणि तो त्या घाटावरून पहिल्यांदा गेला तेव्हा मी मुद्दाम गप्प बसले होते. चौथा भाग असा कुणाला देता येईल? 'द क्रू' हा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळतानाही त्याला जोडणी लागायची. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम कुणालाच उघडेना. पुढे लोकांच्या खात्यांवरून परवानेही काढून घेतले. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली, आणि युरोपात त्यांच्या मागणीवर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. 'अँथम' हा ऑनलाइन गेम २०१९ चा. त्याचे सर्व्हर १२ जानेवारी २०२६ ला बंद करायचं ठरलं. सात वर्षंही नाहीत. तुमच्या चौथ्या भागाचं आयुष्य किती, हे पाकिटावर कुठे छापलंय? माझ्या दुकानात प्रत्येक पट्टीवर छापलेलं असतं.

पायरसी रोखायला हे करावं लागतं, असं तुमच्या एका अधिकाऱ्याने मुलाखतीत म्हटल्याचं वाचलं. म्हणजे चोरांसाठी लावलेलं कुलूप आम्हाला सोसायचं. 'विचर ३' हा गेम तेव्हा त्याच्या कंपनीच्याच मालकीच्या असलेल्या जीओजी या ऑनलाइन दुकानात पहिल्या दिवसापासून कुलपाशिवाय मिळत आलाय, आणि मे २०२३ पर्यंत त्याच्या ५ कोटींहून जास्त प्रती खपल्याचं त्यांनी जाहीर केलं. यापलीकडे मी काही बोलत नाही.

माझ्या मागण्या अशा. डिलक्स आवृत्तीचे पूर्ण पैसे, जीएसटीसह, ज्या खात्यातून घेतलेत त्याच खात्यात परत करा. तुमच्या वॉलेटमधली नाणी-बिणी मला नकोत. विक्रीच्या पानावर, किमतीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा की हा गेम इंटरनेटशिवाय चालणार नाही आणि एकट्याने खेळायची गोष्ट त्यात नाही. ज्यांना तरीही घ्यायचा ते घेतील. सर्व्हर बंद करताना ऑफलाइन आवृत्ती देणार की नाही, ते आत्ताच लेखी सांगा. आणि पहिल्या दिवसापासून ऑफलाइन मोड देणार असाल, पॉजसकट, तर मला पैसे परत नकोत, मी आनंदाने गेम घेईन. पुलाचं आणि नावाड्याचं काय करायचं ते तुमचे लेखक बघतील, त्यांच्यावर माझा अजून भरवसा आहे.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात द्यायचं असतं. माझ्या आधीच्या मेलची पोच म्हणून जाहिरात आली, ती मी जपून ठेवली आहे. पैसे भरल्याची पावती आणि त्या दिवशीच्या विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुढे साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सातारा मला एसटीने जवळ आहे. तुम्हाला जरा लांब पडेल.

कळावे,
आपली ग्राहक
कराड, जि. सातारा

ता. क. : सीझन पासच्या जाहिराती पाठवणं तेवढं आजपासून बंद करावं.