कार्डावर सही करण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का, ते आधी कळव. बाकीचं बाबांसाठी आहे, पण वाचून तूच दाखवशील. त्यांचा चष्मा कधी जागेवर नसतो.

बाबा, काम कसं चाललंय विचारता आणि मी 'बरं' म्हणून सोडून देतो. पगार बराच आहे. पण इथे अमेरिकेत आमच्या हँगरमध्ये पूर्वी एकेक विमान आठवडेच्या आठवडे उभं असायचं, आतल्या जमिनीचे पत्रे उचकटून तपासायचो. ते मोठं काम आता परदेशी ठेकेदाराकडे जातं. इथल्या कितीतरी कंपन्यांची विमानं एल साल्वादोरला दुरुस्त होऊन येतात. आम्हाला उरलं रात्रीचं: टायर, ब्रेक, वैमानिकाने वहीत लिहिलेल्या तक्रारी. तिथली पोरं वाईट काम करतात असं मी म्हणणार नाही. पण इथे नोकरीलाच सरकारी लायसन्स मागतात, तिथे प्रत्येकाकडे ते लागत नाही. आमची नशेची अचानक तपासणी कधीपासूनची. त्यांच्यासाठी नियम निघाला 2024च्या अखेरीस, तोही पाळायला मुदत 2027च्या अखेरपर्यंत.

युनियनची वर्गणी मात्र दरमहा न चुकता कापली जाते. त्यात सामान चढवणारेही आहेत, आमच्याहून जास्त. करारात पगार थोडा वाढतो आणि बाहेर किती काम द्यायचं ते कलम सैल होतं. संप म्हणाल, तर आम्ही विमानवालेही 1926च्या रेल्वे कायद्याखाली येतो. सरकारी मध्यस्थ मंडळाने मोकळं केल्याशिवाय संप करता येत नाही, वाटाघाटी वर्षानुवर्षं.

मुंबईला तुमच्या गिरणीतही असंच ना? 1946च्या कायद्याने मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि कामगारांना तोच नको. म्हणून 1982च्या संपात सगळे डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे. आमच्याकडेही सह्यांची कार्डं फिरताहेत, फक्त मेकॅनिकांच्या वेगळ्या युनियनसाठी निवडणूक मागायला. कंपनीतल्या देशभरच्या किमान निम्म्या मेकॅनिकांच्या सह्या लागतात.

जुने लोक मात्र 2005चं सांगतात. नॉर्थवेस्ट विमान कंपनीच्या सुमारे 4,400 मेकॅनिक आणि सफाई कामगारांची अशी वेगळी युनियन होती. संपावर गेले. कंपनीने बदली माणसं आधीच शिकवून ठेवलेली, बाकीच्या युनियनवाले कामावर गेले, विमानं उडत राहिली.

ऐकताना मला भिवंडी आठवते. तुमचे साचे बंद, कापड तिथल्या यंत्रमागावर, शिक्का गिरणीचा. पुढाऱ्यांवरचा राग इथे खराच आहे, तिथेही खराच होता. पण काम आधीच गेटबाहेर गेलेलं असलं की संप करून अडवायचं काय?

म्हणून विचारतो. सामंतांकडे जायचं ठरलं, तेव्हा तुमच्या खात्यात कुणी भिवंडीचं नाव काढलं होतं का? हा विषय निघाला की तुम्ही फोन आईकडे देता. या वेळी तिच्याकडून लिहवून घ्या. महिनाअखेरीस कार्डं गोळा करणार आहेत.

तुमचा,
बाळू