फॉरमॅट मारायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारा की

संपादक साहेब, नमस्कार.

शिवजयंतीच्या चित्ररथांचं शूटिंग, लग्नाचे व्हिडिओ, यामुळं बेळगाव काय नि खानापूर-निपाणी काय, एक्स्टर्नल हार्ड डिस्क नाही असा स्टुडिओ आता सापडायचा नाही. सोसायट्या पण बॅकअपला त्याच घेतात. पण फॉरमॅट करताना 'अलोकेशन युनिट साइझ' म्हणून जो रकाना येतो तो कोण बघतच नाही, नाहीतर कुणीतरी सांगितलेलं असतं की आकडा मोठा टाकला की डिस्क पळते, मग डोळे झाकून मोठा टाकायचा. हे अर्धंच खरं, म्हणून लिहितोय.

हा आकडा म्हणजे क्लस्टर, फाइलला जागा द्यायचं सगळ्यात लहान माप. फाइल त्याहून लहान असली तरी साधारण अख्खा क्लस्टर अडकतो. चित्ररथाचा व्हिडिओ ५-१० जीबीचा, त्याला ६४ केबी ठेवा नाहीतर १२८, जागा काही वाया जात नाही, उलट फाइलचे तुकडे कमी होतात. पण सोसायटीचं बघा, सभासदांचे फोटो आणि सह्या, एकेक फाइल १० केबीची, अशा १ लाख धरा. खरा माल १ जीबीच्या आसपास. ४ केबीच्या क्लस्टरवर तो सव्वा जीबीच्या आत बसतोय आणि १२८ केबीवर १२ जीबीच्या वर खातोय! बरं हा १२८ कुणी मुद्दाम निवडतं असं पण नाही, ३२ जीबीच्या वरची डिस्क एक्सफॅटमध्ये (एक्सफॅट, फॅट३२, एनटीएफएस या डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती, फॉरमॅट करताना त्यातली एक निवडायची) टाकली की विंडोज आपणहून तो धरतंय. टीव्हीला पण चालते, मॅकला पण चालते म्हणून दुकानवाले सरसकट एक्सफॅट मारून देतात, काय ठेवणार हे विचारत नाहीत. (फॅट३२ चं दुखणं वेगळंच, तिथं क्लस्टर कितीचाही असो ४ जीबीची फाइल बसत नाही, आणि लोक डिस्क खराब म्हणून दुकानात भांडायला जातात.)

माझं मत विचाराल तर विंडोजवरच वापरायची असेल तर एनटीएफएस आणि ४ केबी, १६ टीबीपर्यंत विंडोज स्वतः तेच सुचवतं, आणि क्लस्टर ४ केबीच्या वर नेलात की एनटीएफएसचं कॉम्प्रेशन, म्हणजे फाइली दाबून जागा वाचवायची सोय, पण चालत नाही. ६४ फक्त निव्वळ व्हिडिओच्या डिस्कला. बारक्या फाइली कॉपी व्हायला वेळ लागतो तो प्रत्येक फाइलमागच्या नोंदींमुळं, क्लस्टर वाढवून तो कमी होत नाही.

आपली डिस्क कशी आहे बघायची तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क' हे दोन आकडे ताडून बघा. फरक फार असला तर आधी सगळा डेटा दुसरीकडं काढून ठेवा आणि मगच नव्यानं फॉरमॅट करा.

– एक वाचक, बेळगाव