बागेचं काय करायचं

देवगड,
१२ ऑक्टोबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

नोकरी सोडून गावी यायचं, आंब्याची बाग कराराने द्यायची की विकून टाकायची, यापायी तुझी झोप उडालीय हे वाचून जीव कासावीस झाला. म्हणून सविस्तर लिहितोय.

या तीन गोष्टींचं वजन सारखं नाही रे. करार वर्षाचा असतो, नाही पटला तर पुढच्या हंगामाला बाग आपल्या ताब्यात. बिनपगारी रजा घेऊन चार महिने इथे राहिलास तरी मुंबईची वाट बंद होत नाही. खरेदीखतावर सही झाली की मात्र संपलं. जे फिरवता येतं ते चटकन ठरव, वेळ दे तो विक्रीला. तू नेमकं उलट चालवलंयस. कराराच्या रकमेवरून महिनाभर घोळ, आणि विकायला मात्र मेव्हण्यांच्या एका फोनवर अर्धा तयार!

गेल्या वर्षी फळ धरलं नाही म्हणून बागेत राम नाही, असं लिहितोस. अरे, हापूस मुळात वर्षाआड धरणारं झाड. कल्टार हे मोहोर आणणारं औषध घालून लोक दरवर्षी फळ घेतात, पण मग खतपाणीही तसंच पुरवावं लागतं. भरीचं आणि रितं अशी दोन्ही वर्षं धरून हिशेब मांड. फवारणी, राखणदार, पेट्या, वाशीच्या बाजारापर्यंतचं भाडं, दलाली वजा जाता हातात काय उरतं ते बघ. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं होतं की फायदा आणि तोटा सारख्याच रकमेचे असले तरी तोटाच मनाला जास्त लागतो. तुझं तेच झालंय. त्या एका तोट्याच्या धसक्यात जमीन घालवू नकोस.

आणि यायचंच ठरवलंस, तर परत कधी फिरायचं हे आधी ठरव. आमच्या बंदरात तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, डिझेल-बर्फ भरतानाच परतीचं डिझेल धरून चालतो. तेवढंच उरलं की बोट वळवायची, जाळ्यात काही असो-नसो. समोर मासळी दिसत असताना हा विचार करायला बसलं तर कोण वळेल? तूही आत्ताच कागदावर लिही: किती हंगाम बघणार, शिलकीतले किती पैसे घालणार, आणि कुठे आलं की पुन्हा नोकरी धरणार. तो कागद वहिनींकडे ठेव. भर हंगामात तू ऐकणार नाहीस, तेव्हा त्या ऐकवतील.

मुलीला सायकल कुठली, घराला रंग कुठला, असल्या किरकोळ निवडींत एवढा जीव नको घालूस. हर्बर्ट सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांचं म्हणणंच असं की सगळे पर्याय तपासणं माणसाच्या आवाक्यातलं नसतं, पुरेसं चांगलं सापडलं की तो थांबतो. तूही थांब.

दिवाळीत येशील तेव्हा सातबारा आणि आठ-अ घेऊन ये, बसून बघू. ताईचंही नाव सातबाऱ्यावर आहे ना? विकायचं झालं तर तिची सही लागेलच, पण त्याआधी तिच्या मनात काय आहे ते विचार. तिचं लहानपणही त्याच बागेत गेलंय. हा फोन दिवाळीपर्यंत लांबवू नकोस, याच आठवड्यात कर.

वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझाच,
दिनू