सनरूमचे दार कधी उघडावे, कधी लावावे

संपादक महोदय,

थंडी पडू लागली की घराला सनरूम, म्हणजे ऊन आत घेणारी काचेची खोली, जोडण्याबद्दल किंवा व्हरांड्याला काचा लावून घेण्याबद्दल बरेच काही छापून येते. काच कोणती, चौकट कोणती, बैठक कशी मांडावी, सगळे असते. ज्यांच्याकडे अशी खोली आधीच आहे त्यांची तक्रार मात्र वेगळी असते. दुपारी बसवत नाही इतकी तापते आणि दिवेलागणीनंतर पाय ठेववत नाही इतकी गार पडते, ही ती तक्रार. मग हीटर आणला जातो. बहुतेक घरांत त्याआधी दार आणि पडद्यांच्या वेळा सुधारल्या तर निम्मे काम होते, म्हणून हे सविस्तर पत्र.

साध्या एकेरी काचेतून उन्हातली सुमारे ८० टक्के उष्णता आत येते. फरशी आणि भिंती तापतात, त्यांच्यामुळे हवा तापते आणि काच असल्याने ती हवा तिथेच राहते. पण हीच एकेरी काच दर चौरस मीटरमागे, आत-बाहेरच्या तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकाला सुमारे ५.७ वॉट उष्णता बाहेर घालवते. हे तिचे यू-मूल्य. काच १० चौरस मीटर, आत २० अंश, बाहेर ५ अंश असे धरले तर गळती साडेआठशे वॉटच्या घरात जाते. साध्या दुहेरी काचेचे यू-मूल्य २.८ च्या आसपास असते. लो-ई थर (उष्णता परतवणारा अतिपातळ लेप) आणि मध्ये आर्गॉन वायू असलेल्या दुहेरी काचेचे १.१ ते १.४. हिवाळ्यात काचेवर चांगले ऊन मिळते दिवसाचे चार-पाच तास, गळती चोवीस तास चालू असते. खोली सुखाची होते की नाही हे त्या उरलेल्या एकोणीस-वीस तासांत ठरते.

त्यासाठी दोन साधे तापमापक घ्यावेत. एक सनरूममध्ये, बसल्यावर डोके येते त्या उंचीवर आणि सावलीत लावावा, कारण उन्हात टांगलेला तापमापक हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान दाखवतो. दुसरा लगतच्या खोलीत. सनरूम तीन अंशांनी अधिक गरम झाली की मधले दार उघडावे. दारावर झडप असेल तर तीही उघडावी. वरून गरम हवा घरात जाते, खालून गार हवा सनरूममध्ये येते आणि पंख्याशिवाय फेरा सुरू होतो. फरक संपला की दार लावावे. ही वेळ सूर्यास्ताची नसते, काचेवरून ऊन हटल्याची असते आणि ती बरीच आधी येते. बाहेर अजून उजेड आहे म्हणून दार उघडे राहते आणि दिवसभर कमावलेली ऊब, वर घरातली थोडी, त्याच काचेतून निघून जाते.

दार लावताच पडदे ओढावेत, आणि इथे एक चूक जवळजवळ सगळीकडे दिसते. पडदा जाड असतो, पण वरून आणि खालून मोकळा लटकतो. काच आणि पडद्यामधली हवा गार होऊन खालून बाहेर पडते, तिच्या जागी खोलीतली गरम हवा वरून आत ओढली जाते आणि तीही गार होते. पडद्याच्या खालच्या कडेशी टिश्यू पेपरची पातळ पट्टी धरून पाहा, ती खोलीच्या दिशेने हलत राहील. पडदा जमिनीला टेकलेला हवा, वर लाकडी किंवा कापडी झालर-पेटीने तोंड बंद हवे आणि बाजूच्या कडा चौकटीला वेल्क्रोने चिकटलेल्या हव्यात. अशा रीतीने बंद केलेला साधा पडदा उघड्या लटकणाऱ्या भारी पडद्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

उष्णता साठवायला वजनदार काहीतरी लागते. दगडी किंवा काँक्रीटची सुमारे १० सेंटिमीटर जाडीची, गडद आणि चकचकीत नसलेली जमीन उत्तम. तिच्यावर गालिचा अंथरला की तिचा उपयोग संपला. जमीन बदलणे शक्य नसेल तर पाणी ठेवावे, कारण तेवढ्याच आकारमानाच्या काँक्रीटपेक्षा पाणी सुमारे दुप्पट उष्णता धरते. शंभर लिटर पाणी दिवसात १० अंशांनी तापले तर हजार वॉटचा हीटर तासाहून थोडा अधिक चालवल्याइतकी उष्णता रात्री परत मिळते. डबे गडद रंगाचे, अपारदर्शक आणि थेट उन्हात असावेत. पारदर्शक गोल बाटल्या किंवा बरण्या अजिबात नकोत. हिवाळ्याचे तिरके ऊन खोलीत आतपर्यंत येते, अशा बाटलीतून ते एका बिंदूवर एकवटते आणि कापडाला आग लागू शकते. चेहरा मोठा दाखवणारा दाढीचा अंतर्गोल आरसाही तितकाच धोकादायक. आणि शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. पुढे काढलेल्या बाल्कनीत एवढे वजन एका कोपऱ्यात ठेवण्याआधी बांधकामाच्या जाणकाराला विचारावे.

सकाळी काचेला घाम येतो, त्याचेही गणित सोपे आहे. हवा २० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, ९.३ अंश असतो. बाहेर ५ अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग ९ अंशांच्या आसपास असतो, म्हणून पाणी धरते. साध्या दुहेरी काचेचा साडेचौदापर्यंत राहतो, ती कोरडी राहते. अ‍ॅल्युमिनियममधून लाकडाच्या साधारण हजारपट उष्णता वाहते, त्यामुळे थेंब आधी चौकटीवर दिसतात. चौकट नव्याने घ्यायची असल्यास आतल्या-बाहेरच्या धातूमध्ये प्लास्टिकची पट्टी असलेलीच घ्यावी. कुंड्यांना पाणी सकाळी घालावे, ओले कपडे इथे वाळत घालू नयेत आणि दुपारी दहा मिनिटे बाहेरच्या बाजूची वरची-खालची झडप उघडून दमट हवा काढून टाकावी.

चौकटीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या अंगाला बारीक भोके असतात. ती पाणी निचरून जाण्यासाठी असतात. वारा येतो म्हणून लोक त्यांत सिलिकॉन भरतात. मग पाणी खोबणीत साचते, दुहेरी काचेच्या कडेचे सील भिजत राहते आणि शेवटी दोन काचांच्या मध्ये धुके धरते. ते पुसता येत नाही. मधल्या पट्टीतले ओल शोषणारे दाणे संपलेले असतात, ते तावदानच बदलावे लागते. थंडीआधी ही भोके बारीक तारेने मोकळी करून घ्यावीत.

हीटर लागलाच तर विजेचा, आणि काचेपासून दूर. काचेचा एक भाग तापला आणि कडा गार राहिली की ती तडकते. गॅसची, कोळशाची किंवा रॉकेलची शेगडी या खोलीत कधीही पेटवू नये. फटी बंद केलेल्या छोट्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि बसलेल्या माणसाला झोप येते आहे एवढेच वाटते. शिवाय एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते, ती काचेवरच बसते.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. वृद्धांना आणि तान्ह्या बाळांना ‘ड’ जीवनसत्त्वासाठी काचेमागे उन्हात बसवले जाते. ते जीवनसत्त्व तयार करणारे यूव्ही-बी किरण खिडकीची साधी काच जवळजवळ पूर्ण अडवते. ऊब मिळते, ‘ड’ जीवनसत्त्व मिळत नाही. यूव्ही-ए किरण मात्र आत येतात, म्हणून गाद्यांचे रंग उडतात.

आपल्या पुरवणीत अशा खोल्यांची छायाचित्रे छापताना सोबत काचेचे यू-मूल्य आणि काचेची दिशा एवढे दोन तपशील द्यावेत, ही विनंती. उत्तर गोलार्धात काचेचे तोंड दक्षिणेपासून १५-२० अंश इकडेतिकडे असले तरी चालते, पण पश्चिमेच्या काचेची खोली उन्हाळ्यात भट्टी होते आणि छताला लावलेली काच रात्री उघड्या आकाशाकडे उष्णता फेकत राहते. खर्च करण्याआधी वाचकाला हे कळायला हवे.

आपला,
एक वाचक